पहिल्या गिगआधी

खार-वांद्र्याच्या छोट्या जागेत पहिल्यांदा वाजवायचं ठरवलंस, फार छान केलंस! पण त्याआधी तीन-चार संध्याकाळी तिथे नुसतं ऐकायला जा, तेही तिकीट काढून. दारावर जमलेल्या पैशांतूनच बऱ्याचदा कलाकारांचं मानधन निघतं. ‘गेस्ट लिस्टवर नाव टाक ना’, म्हणजे फुकट आत सोड, या सवयीने छोट्या जागा मरतात. २००७ साली लोअर परळला मथुरादास मिल कंपाउंडमध्ये सुरू झालेला ब्लू फ्रॉग हा म्युझिक क्लबसुद्धा २०१६ मध्ये बंद झाला, मग साठ खुर्च्यांच्या खोलीचं काय!

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- साउंड चेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज जुळवून बघतात तेव्हा, उशिरा येणं. खोली लहान असते, ड्रम भिंतींवर आपटून परत येतो आणि गाणाऱ्याचे शब्द बुडतात. ‘माझा आवाज वाढवा’ म्हणण्याआधी स्वतःचा अॅम्प (वाद्याचा आवाज वाढवणारा स्पीकर) कमी कर.
- एकच केबल आणणं. दोन आण, वाद्याच्या तारांचा जादा सेटही.
- आपलं झालं की निघून जाणं. थांब, पुढच्यांचं ऐक. माझे निम्मे साथीदार मला असेच भेटले.

गच्चीवर किंवा उघड्यावर असेल तर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणून वेळेवर सुरू कर. करार, रॉयल्टी, मिक्सिंग सगळं नंतर बघू. आत्ता चार गाणी पक्की कर आणि तारीख कळव, मी येतो ऐकायला.