दाखल्यावरचं 'हृदय बंद पडले'

प्रश्न : गोव्यातल्या आमच्या धारबांदोडा तालुक्यातल्या गावात पन्नाशीच्या आतले बरेच पुरुष गेले. बहुतेक पूर्वी खाणीवर ट्रक चालवणारे. डॉक्टरांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदय बंद पडले' एवढंच असतं. दोघे तर दारू सोडली आणि चार दिवसांत गेले. हे खाणीच्या धुळीमुळे होतं का? गावाने काय करावं?

उत्तर : धुळीने फुप्फुसं खराब होतात, पण त्याला वर्षं लागतात आणि खोकला-दम आधीपासून दिसतो. धडधाकट माणूस अचानक जातो तेव्हा कारण बहुधा दुसरीकडे असतं. 'हृदय बंद पडले' हे कारणच नव्हे. मरताना प्रत्येकाचं हृदय बंद पडतं. इस्पितळातल्या मृत्यूसाठी डॉक्टर नमुना 4 भरतात, घरच्या मृत्यूसाठी 4अ. त्यातल्या पहिल्या भागात सगळ्यात खालच्या ओळीत मूळ आजार लिहायचा असतो. 2023 च्या कायदादुरुस्तीनंतर या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते. ती मागून घ्या.

2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा पगाराबरोबर नियमित तपासणीही गेली. ट्रकचे हप्ते मात्र राहिले. अशा घरात सगळ्यात आधी बंद होते ती बीपीची गोळी, कारण ती न घेता दुसऱ्या दिवशी काहीच दुखत नाही. मधुमेहाचं तेच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्याचं प्रमाण सर्वांत जास्त, 26.4 टक्के, निघालं. त्यात पाठदुखीवर फार्मसीतून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या, की बीपी वाढतं आणि किडन्याही झिजतात.

आता दारूचं. रोज फेणी-हुर्राक (काजूची दारू) पिणाऱ्याने एका दिवसात सोडली तर 6 ते 12 तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी माणूस भ्रमात बडबडतो, ताप चढतो, नाडी धावते. घरचे 'भूतबाधा' किंवा 'सोडल्याचा त्रास, जाईल' म्हणून थांबतात आणि इथेच जीव जातो. म्हणून सकाळी उठताच पेला लागणाऱ्याला घरी, देवासमोर शपथ घालून दारू सोडायला लावू नका. आधी डॉक्टरांकडे न्या. काही दिवस मोजून कमी करत न्यायच्या, शांत करणाऱ्या गोळ्या आणि थायमिन (ब1 जीवनसत्त्व) लागतं. जेवण सुटलेल्या माणसाला ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिनचं इंजेक्शन द्यायला हवं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हा रोज पिणारा आहे. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखल करून उपचार होतात. कर्जाच्या काळजीने कुणी मरणाची भाषा करत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा फोन मोफत आहे.

गावाने एक वही करावी. गेल्या पाच वर्षांत साठीच्या आत गेलेल्यांची वयं, काम, माहीत असलेला आजार, गोळ्या कधी सुटल्या आणि त्रास सुरू झाल्यापासून इस्पितळात पोचायला किती तास लागले. हा शेवटचा रकाना विसरू नका. नावं बाहेर जाऊ देऊ नका. मग पंचायतीत महिन्यातून एकदा तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी मोजा: पाच मिनिटं टेकून बसवून, हात हृदयाच्या पातळीवर, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. 140/90 किंवा जास्त आलं तर आरोग्य केंद्रात पाठवा. किडन्या ठीक आहेत का हे कळायला मधुमेही आणि बीपीवाल्यांचं वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनीन तपासा.

प्रश्न : छातीत दुखलं तर गॅस की हृदय, घरी कसं ओळखावं?

उत्तर : घरी ओळखू नका. सोडा पिऊन तासभर वाट पाहणं हीच चूक असते. छातीत दाब, घाम, जबडा किंवा डाव्या हातात कळ असेल तर लगेच 108 वर रुग्णवाहिका बोलवा. मधुमेह्याला कधीकधी कळ नसते, नुसती धाप लागते. जवळच्या केंद्रात ईसीजी काढून घ्या. हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या तीन तासांत सर्वांत उपयोगी, बारा तासांनंतर सहसा देत नाहीत. रक्ताची उलटी, काळी शौच किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल तर 108 वर विचारून 300 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. रुग्णाला स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका.