सतत भूक लागते? आधी वजनकाटा बघा

प्रश्न : वय ४१. यजमानांची पहिली पाळी असते, त्यामुळे पहाटे पाचला उठून डबा करते. झोपायला बारा वाजतात. सकाळी चहा-खारी खाते, पण साडेदहालाच पोटात कावळे ओरडायला लागतात. दुपारी पोटभर जेवूनही चारला पुन्हा भूक. सासूबाई म्हणतात, भस्म्या झालाय. जंताची गोळी घेतली, फरक नाही. काय करू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, वजन वाढतंय की घटतंय, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथेच ठरतं.

भरपूर खाऊनही वजन उतरत असेल तर थांबू नका. सोबत तहान आणि रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं असेल तर साखरेचा संशय घ्यावा. छातीत धडधड, हात थरथरणं, उकाडा सहन न होणं असेल तर थायरॉईड जास्त काम करत असू शकतो, त्यासाठी टीएसएच तपासा. उपाशीपोटीची साखर करताना आठ तास फक्त पाणी चालतं. ‘अर्धा कप चहाच तर घेतला’ म्हणून घोटाळा होतो. आकडा १०० ते १२५ म्हणजे सीमारेषा, १२६ किंवा वर म्हणजे मधुमेह, पण खात्रीसाठी पुन्हा तपासावं लागतं. तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीएवनसीला उपाशी राहायची गरज नाही. मात्र लोहाची कमतरता असेल तर तो आकडा फुगलेला येऊ शकतो. बायकांमध्ये ही कमतरता फार आढळते, म्हणून दोन्ही तपासण्या करा.

दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉईड चालू आहे का, तेही बघा. त्याने भूक खवळते. पण ते मनाने एकदम बंद करू नका, ते धोक्याचं असतं.

वजन स्थिर असेल किंवा वाढत असेल, तर पहिला संशय तुमच्या खारीवर. मैदा आणि तूप-डालडा, प्रथिनं नावापुरती. मैदा आणि चहातल्या साखरेने रक्तातली साखर झटकन चढते, दोन-अडीच तासांत उतरते, आणि साडेदहा वाजलेले असतात. साठ किलो वजनाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात, त्यातली १५ न्याहारीतच जायला हवीत. ५० ग्रॅम बेसनाची दोन धिरडी आणि वाटीभर घट्ट दही, एवढ्यात ती होतात. अंडी चालत असतील तर दोन अंडी आणि नागलीची भाकरी. पोहेच हवे असतील तर पोहे निम्मे करा आणि मोडाची मटकी वाफवून तेवढीच घाला.

दुपारचं वरणही नीट बघा. डाळ तळाशी बसते, डाव वरवर फिरतो आणि घरातल्या बाईच्या ताटात शेवटी पिवळं पाणी उरतं. माणशी ३० ग्रॅम कोरडी डाळ शिजवा, डाव तळापर्यंत घाला आणि स्वतःला आधी वाढून घ्या. रविवारची मिसळ सोडायची गरज नाही: मटकी जास्त मागा, पाव एकच, सोबत दही.

राहिली झोप. पाच तासांच्या झोपेने भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं, आणि मन गोडाकडे धावतं. भाजी रात्री चिरून ठेवा, कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवा आणि साडेदहाला आडव्या व्हा. तीन आठवडे हे पाळूनही फरक पडला नाही तर वजन काहीही असो, वरच्या तपासण्या करून घ्या.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेते. अकराच्या सुमाराला एकदम कडाडून भूक लागते, घाम फुटतो, हात कापतात. काय द्यावं?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : ही साधी भूक नव्हे, साखर उतरल्याची खूण आहे. ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. पेढा-लाडू नको, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर द्या. आकडा वर आला की पोळी-भाजी खायला घाला, कारण या गोळीचा असर लांबतो आणि साखर परत उतरू शकते. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. त्या दिवशीचे आकडे, गोळीची आणि खाण्याची वेळ लिहून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. क्रिएटिनिनही तपासायला सांगा: मूत्रपिंड मंदावलं असेल तर पूर्वीचाच डोस आता जास्त ठरतो.