‘पाचक संप्रेरक’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: “‘गॅस्ट्रिन हे पाचक संप्रेरक जठरात प्रथिनांचे पचन करते’ असे वाक्य वाचनात आले. संप्रेरक आणि विकर हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि ‘स्राव’ लिहायचे की ‘स्त्राव’?”

चालत नाहीत. या वाक्यात विशेषण आणि क्रियापद दोन्ही चुकले आहे. जठरात प्रथिने तोडते ते पेप्सिन, आणि ते विकर (एंझाइम) आहे. गॅस्ट्रिन हे संप्रेरक (हॉर्मोन), ते अन्नाला शिवतही नाही. जठराच्या खालच्या भागातल्या जी-पेशी ते रक्तात सोडतात. रक्ताबरोबर फेरी मारून ते पुन्हा जठराच्याच भिंतीत पोहोचते आणि तिथल्या पेशींना आम्ल पाझरायला लावते. त्या आम्लात निष्क्रिय पेप्सिनोजेनचे पेप्सिन होते आणि मग कुठे प्रथिनांची तोडफोड सुरू होते.

‘पाझरायला लावते’ ही रचना मुद्दाम वापरली आहे. शाळेत शिकलेले प्रयोजक क्रियापद इथे नेमके कामाला येते: विकर करते, संप्रेरक करवते. विकराचे कर्म अन्नातला पदार्थ असतो (लायपेज मेद तोडते, अमायलेज पिष्ट तोडते). संप्रेरकाचे कर्म शरीरातली पेशी किंवा अवयव असतो. वाक्यात संप्रेरकाचे कर्म ‘प्रथिने’, ‘मेद’ किंवा ‘अन्न’ आले आणि क्रियापद पचवण्याचे असले, तर वाक्य चुकले असे बेलाशक समजावे. (‘पचवणे’ हेही मुळात ‘पचणे’चे प्रयोजक रूप आहे, हे वैयाकरण लगेच दाखवून देतील. मान्य. पण पचवणारा तिथे अन्नावरच काम करतो.)

शब्दाची घडणही हेच सांगते. सम् + प्र + ईर् या धातूपासून ‘संप्रेरक’ झाला. ईर् म्हणजे हलवणे, चालना देणे. प्रेरणा आणि प्रेरित हे त्याचेच भाऊबंद. ‘हॉर्मोन’ ज्या ग्रीक क्रियापदावरून आला, त्याचा अर्थही चेतवणे, गती देणे असाच आहे. पारिभाषिक प्रतिशब्द इतका चपखल बसल्याची उदाहरणे थोडीच.

गंमत म्हणजे ‘हॉर्मोन’ हा शब्द जन्माला आला तोच पचनाच्या अभ्यासातून. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका तुकड्याच्या नसा (मज्जातंतू) तोडल्या आणि त्यात आम्ल सोडले. नसांचा संबंध तुटलेला असूनही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून आम्लात घोटले, गाळले आणि तो अर्क शिरेतून दिला. पुन्हा रस वाहिला. म्हणजे निरोप नसांतून नव्हे, रक्तातून जात होता. त्या निरोप्या द्रव्याला त्यांनी ‘सिक्रेटिन’ म्हटले. अशा सगळ्या द्रव्यांसाठी ‘हॉर्मोन’ हे सामान्यनाम स्टार्लिंग यांनी १९०५च्या व्याख्यानांत वापरले.

सिक्रेटिनचे काम आज बरेच तपशिलात ठाऊक आहे. जठरातला आम्लयुक्त लगदा आद्यांत्रात (लहान आतड्याच्या पहिल्या भागात) उतरतो, तिथला पीएच साधारण ४.५च्या खाली जातो आणि अस्तरातल्या एस-पेशी सिक्रेटिन सोडतात. ते स्वादुपिंडाला पाण्यासारखा, बायकार्बोनेटने भरलेला रस सोडायला लावते. आम्ल मारले गेले की सिक्रेटिनही थांबते. मेद आणि प्रथिनांचे तुकडे पोहोचले की आय-पेशींतून कोलेसिस्टोकायनिन सुटते. या लांबलचक नावाची फोड ‘पित्ताची पिशवी हलवणारे’ अशी आहे. ते पित्ताशय आकुंचित करते, पित्तनलिकेच्या तोंडाची झडप सैल करते आणि स्वादुपिंडाकडून विकरांनी भरलेला रस सोडवून घेते. हे शेवटचे काम ‘पॅन्क्रिओझायमिन’ नावाचे वेगळे संप्रेरक करते असे पूर्वी मानत. पुढे दोन्ही एकच निघाली. जुन्या पुस्तकांत दोन नावे दिसली तर हे ध्यानात ठेवावे.

नावावरून काम ओळखायला गेलात तर जीआयपी हे आतड्यातले संप्रेरक फसवेल. आधी त्याच्या नावाचा अर्थ ‘जठराला रोखणारे’ असा होता. मग कळले की त्याचे मुख्य काम रक्तात ग्लुकोज वाढलेले असताना इन्शुलिन सोडवणे हे आहे. तेव्हा आद्याक्षरे तीच ठेवून आतला अर्थ बदलला. सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक तर गॅस्ट्रिनला आणि आम्लाला आवरते. रोखणाऱ्या द्रव्याला ‘प्रेरक’ कसे म्हणायचे, ही शंका रास्त आहे, पण आता फार उशीर झाला. रोखणाऱ्यांसाठी शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेफर यांनी सुचवलेला ‘कॅलोन’ हा वेगळा शब्द या अर्थाने रुजला नाही.

संप्रेरक आणि विकर यांचा हा घोळ होतो कशामुळे? एक कारण ‘-इन’ हा शेपटा. गॅस्ट्रिन, सिक्रेटिन, मोटिलिन ही संप्रेरके. पेप्सिन, ट्रिप्सिन ही विकरे. ‘-एज’ असेल तर विकर म्हणायला हरकत नाही, ‘-इन’वरून काहीच ठरत नाही. दुसरे कारण ‘अंतःस्रावी’ या शब्दातला ‘अंतः’. पाचकरस आतड्याच्या ‘आत’ पडतो, म्हणून तो अंतःस्राव वाटतो. पण तोंडापासून गुदद्वारापर्यंतची नळी दोन्ही टोकांना उघडी आहे, तिची पोकळी शरीरशास्त्राच्या हिशेबात बाहेरची. नलिकेतून तिथे पडतो तो बहिःस्राव, थेट रक्तात मिसळतो तो अंतःस्राव. स्वादुपिंड दोन्ही करते: दिवसाला सुमारे एक ते दीड लीटर रस आतड्यात, आणि इन्शुलिन रक्तात.

हा भेद नुसता शब्दांचा नाही. गॅस्ट्रिन बनवणारी गाठ झाली (झोलिंजर-एलिसन सिंड्रोम, वर्णन १९५५) की आम्लाचा पूर येतो, व्रण होतात आणि जुलाबातून मेद न पचता जातो. कारण इतक्या आम्लात स्वादुपिंडाचे लायपेज निकामी होते. संप्रेरक वाढले, विकर मात्र मेले. दोन्हींना एकच शब्द वापरणाऱ्याला हे वाक्य लिहिताच येणार नाही.

म्हणून ‘पाचक’ हे विशेषण रस आणि विकर यांच्यासाठी राखावे आणि इथे ‘पचनसंस्थेची संप्रेरके’ किंवा ‘जठरांत्रीय संप्रेरके’ म्हणावे. मूळ वाक्य असे होईल: ‘गॅस्ट्रिन हे संप्रेरक जठराला आम्ल स्रवायला लावते.’ मराठी विश्वकोशात हॉर्मोने, एंझाइमे, अग्निपिंड असे शब्द दिसतील, शालेय पुस्तकांत संप्रेरके, विकरे, स्वादुपिंड. दोन्ही संच ठीक, फक्त एका लेखात एकच संच वापरावा. ‘ग्रहणी’पेक्षा मात्र ‘आद्यांत्र’ बरे, कारण ग्रहणी हे रोगाचेही नाव आहे. टंकताना ‘विकर’चा ‘विकार’ होऊ देऊ नका. ‘लायपेज विकाराची कमतरता’ म्हणजे आजारच कमी झाल्याची बातमी.

राहिला स्राव. धातू स्रु, म्हणून स + र = स्र. त्यात त नाही. स्रवणे, स्रोत, अंतःस्रावी हे सगळे त्याच घरचे. ‘स्त्राव’मधला त ‘स्त्री’ आणि ‘शस्त्र’ पाहून हाताला लागलेल्या सवयीने शिरतो. ‘सहस्र’चे ‘सहस्त्र’ही असेच होते. शंका आली तर ‘स्रवणे’ सावकाश उच्चारून पाहा, त ऐकू येत नाही.