स्पिटफायर भारी की मेसरश्मिट? आधी उंची सांग

भो, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाऊ विमानांचा कॉम्प्युटर-खेळ खेळताना नुसता कमाल वेग बघून विमान निवडू नको. तो आकडा एका ठराविक उंचीचा असतो. जपानी झीरो कमी वेगात गर्रकन वळतं, पण वेगात डाइव्ह मारली की त्याची एलेरॉन (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या झडपा) जड होतात. 1940 चं ब्रिटिश स्पिटफायर घेऊन नाक एकदम खाली दाब: कार्ब्युरेटरमधून इंधन नीट पोचत नाही, म्हणून इंजिन गचके खातं. जर्मन मेसरश्मिट 109 ला इंधन थेट इंजेक्शननं मिळतं, म्हणून ते तसंच खाली निसटतं.

तुलना करायचीच तर दोन्हींत अर्धी टाकी, तीच उंची. आणि मे महिन्यात भुसावळच्या दुपारी कॉम्प्युटर तापून खेळ अडखळला, तर विमानाला नावं ठेवू नको; रात्री खेळ.