दोन वह्या

प्रिय मित्रा,

तुझा मेल रात्री पावणेदोनचा. वर तीन परिच्छेद स्टीव्ह जॉब्सबद्दल, "सर, हा माणूस थोर होता की नीच, मला ठरवताच येत नाहीये." आणि अगदी शेवटी, तुझ्या सहकारिणीबद्दल, जाता जाता टाकल्यासारखी एक ओळ: "परवाच्या रिव्ह्यूमध्ये मी तिला जरा जास्तच बोललो, पण डिझाइन खरंच भिकार होतं."

जॉब्सचं राहू दे, तुझी झोप त्या शेवटच्या ओळीने उडवलीय. पण तू त्याला मध्ये घेतलंच आहेस, तर आधी त्याचं बोलू.

मी आयुष्यभर एकच गोष्ट धरून बसलोय. माणसाचा हिशेब दोन वह्यांत ठेवायचा. एक कामाची, एक वागण्याची. या वहीतली जमा त्या वहीतल्या नावेवर वळती करायची नाही. कधीच नाही. तू नेमकं तेच करायला बसलायस, म्हणून तुझी बेरीज जुळत नाहीये.

डॅनियल कॉटकी घे. कॉलेजातला मित्र, 1974 मध्ये जॉब्सबरोबर भारतात भटकलेला, ॲपलच्या अगदी सुरुवातीच्या कामगारांपैकी एक. डिसेंबर 1980 मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले, एका दिवसात कित्येक जण लक्षाधीश झाले. कॉटकीला जॉब्सने एक शेअर दिला नाही. दुसऱ्या सहकाऱ्याने रदबदली केली तरी नाही. ॲपलचा सहसंस्थापक वॉझ्नियाकने मात्र स्वतःच्या वाट्यातले शेअर अशा राहून गेलेल्यांना दिले. आता पुढचं बघ. मॅकिंटॉश संगणक तयार होत असताना याच जॉब्सने सगळ्या टीमच्या सह्या घेतल्या आणि त्या खोक्याच्या आतल्या बाजूला, साच्यातच उमटवून घेतल्या. चित्रकार चित्रावर सही करतो ना, तशा. गिऱ्हाइकाला त्या दिसणार नव्हत्या, खोकं उघडणाऱ्यालाच दिसणार. त्या सह्यांमध्ये कॉटकीची सही आहे.

न दिसणारी बाजूही नीट हवी, हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं. पॉल जॉब्स कुंपणाच्या मागच्या बाजूलाही तेवढंच चांगलं लाकूड वापरायचे. मुलाने ते मशीनच्या बाबतीत जन्मभर पाळलं. माणसांच्या बाबतीत? 1978 मध्ये त्याची मुलगी लिसा जन्मली. चाचणीत पितृत्वाची शक्यता 94 टक्क्यांवर निघाली, तरी हा "माझी नव्हे" म्हणत राहिला. आणि त्याच काळात घडत असलेल्या संगणकाचं नाव? लिसा. त्या अक्षरांचा कसलासा तांत्रिक अर्थ लोकांना सांगितला जायचा. मुलीचंच नाव होतं, हे त्याने फार उशिरा कबूल केलं.

तू विचारशील, यातला खरा कोणता? अरे, दोन्ही खरे. एकाने दुसरा खोडायला तू पाटीवर लिहितोयस का?

आणि ते एक आवडतं वाक्य माझ्यापुढे आणू नकोस, "तो तसा होता म्हणूनच ते घडलं." 1985 मध्ये ॲपलमधून बाहेर पडल्यावर त्याने नेक्स्ट ही संगणक कंपनी काढली. तोच माणूस, तोच संताप, तोच हट्ट. 1988 मध्ये साडेसहा हजार डॉलरचा देखणा काळा क्यूब, म्हणजे तिचा घनाकृती संगणक, आला आणि फारसा कुणी घेतला नाही. 1993 मध्ये त्यांना हार्डवेअरचा धंदाच बंद करावा लागला. संतापाने यश येत असतं तर तिथे का नाही आलं? (नेक्स्टच्या सॉफ्टवेअरवर पुढे मॅकचा नवा डोलारा उभा राहिला, हे मला माहीत आहे. ते चांगल्या इंजिनियरिंगचं श्रेय. पहिल्या वहीत लिही.) त्याच्या हाताखाली राबलेले कितीतरी लोक म्हणतात, आयुष्यातलं सर्वोत्तम काम तिथेच झालं. तेही खरं. तेही पहिल्याच वहीत.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का सांगतोय, तेही सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या टीममधली एक मुलगी फळ्यावर आकृती काढून समजावत होती. रिलीजला नऊ दिवस होते. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उठलो आणि तळहाताने ती आकृती पुसून टाकली. डस्टर शेजारीच होतं. ती मार्करचं टोपण लावत होती, ते तिला दोनदा लागेना. खोलीत आठ माणसं. रिलीज वेळेवर झाला, माझ्या अप्रेझलमध्ये "जबाबदारी घेतो" असं छापून आलं. तीन महिन्यांनी तिने नोकरी सोडली.

तिचं डिझाइन चुकीचंच होतं, हे मी आजही सांगेन. तिच्या मार्गाने गेलो असतो तर लोड वाढल्याबरोबर सगळं बसलं असतं. शिवाय त्या आठवड्यात मला वरून रोज फोन येत होते, तीन-तीन तास झोप, आणि मी थांबवलं नसतं तर दुसरं कोण...

बघितलंस? झालं सुरू. पंधरा वर्षं झाली, तरी पहिली वही माझ्या हातात आपोआप उघडते.

तिला लिहायला घेतलेला मेल माझ्या ड्राफ्टमध्ये पडून आहे. पहिला परिच्छेद बरा आहे. दुसऱ्यात दर वेळी त्या डिझाइनमध्ये काय चुकलं होतं ते येतं. खोडतो, परत येतं.

म्हणून तू मेल लिहू नकोस. उद्या तिच्यासमोर जा, रिव्ह्यूला जे हजर होते त्यांच्यादेखत बोल, आणि वाक्यात "पण" आला की तिथेच तोंड बंद कर. सुचत नसेल तर नुसतं "चुकलो" म्हण आणि निघून ये.

तिच्या डिझाइनमधल्या कॅशिंगबद्दल तुझं म्हणणं बरोबर आहे, मी फाइल उघडून पाहिली. त्यावर पुढच्या आठवड्यात बसू.

तुझा,
सर