‘अर्धाध्यक्षीय’ आणि वरचा डोळा

फ्रान्सच्या ‘अर्धाध्यक्षीय’ पद्धतीतला ‘अर्ध’ म्हणजे निम्मे अधिकार का, आणि ‘अर्ध-राष्ट्रपती पद्धत’ म्हटलेलं चालेल का, असा प्रश्न आला आहे.

निम्मे वगैरे काही नाही. अर्धकच्च्या भातातली शितं कोणी मोजत नाही, तसाच हा अर्ध. १९५८च्या घटनेने सरकार संसदेला जबाबदार ठेवलं आणि १९६२च्या सार्वमताने अध्यक्ष थेट जनतेने निवडायचा ठरवला. या जोडकामाला ‘अर्धाध्यक्षीय’ हे नाव रूढ केलं फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मोरिस दुव्हर्जे यांनी. १९८६मध्ये मित्तराँ अध्यक्ष असताना विरोधी पक्षाचे शिराक पंतप्रधान झाले, तेव्हा अध्यक्षांचा वाटा बराच आकसला. माप असं हलतं राहतं.

‘राष्ट्रपती’ मात्र अजिबात नको! हिंदी बातम्या घाईने मराठीत उतरवताना ‘फ्रान्सचे राष्ट्रपती’ येऊन बसले. रोज ऐकून कान किटले. मराठीत राष्ट्रपती दिल्लीत असतात, पॅरिसला अध्यक्ष. आणि हा शब्द किती नेमका आहे पाहा. अधि म्हणजे वर, अक्ष म्हणजे डोळा, ‘प्रत्यक्ष’मधला तोच. वरून नजर ठेवणारा तो अध्यक्ष. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात ‘यो अस्याध्यक्षः परमे व्योमन्’, म्हणजे परम आकाशातून या सृष्टीवर नजर ठेवणारा, असं येतं. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त या अध्यक्षाला कामाला लावलं: सीताध्यक्ष शेतीवर, सुराध्यक्ष मद्यावर, नावध्यक्ष नौकांवर. काही जाणकार ‘अक्ष’ म्हणजे चाकाचा आस धरून ‘ज्याभोवती कारभार फिरतो तो’ अशी फोड करतात. मग सुराध्यक्षाभोवती काय फिरत होतं, तेही त्यांनी सांगावं.

आता फ्रेंच घटनेचं पाचवं कलम. घटनेचं पालन होतंय ना, यावर अध्यक्षाने लक्ष ठेवायचं, हे त्यातलं पहिलंच वाक्य. तिथलं क्रियापद ‘वेये’: जागं राहणं, पहारा देणं. त्याआधी, १९४६च्या फ्रान्समधल्या बायो इथल्या भाषणात, पुढे ही घटना आणणाऱ्या द गॉल यांनी पक्षांच्या वर असलेला राष्ट्रप्रमुख मागितला होता. ‘वर’ म्हणजे अधि, पहारा देणारा तो अक्ष! फ्रेंचांच्या ‘प्रेझिदां’चा मूळ अर्थ नुसता ‘पुढे बसलेला’. त्यांच्या घटनेला हवा असलेला माणूस त्यांच्या शब्दापेक्षा आपल्या शब्दात जास्त स्पष्ट दिसतो, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा लिहायचं ते ‘अर्धाध्यक्षीय’, संधी करून. मधली आडवी रेघ काढून टाका.