एंकहाउझन पायी: आधी गाव, मग म्युझियम

मे महिन्यात आईवडिलांना घेऊन आम्सटरडॅमहून एंकहाउझनला एक दिवस जायचंय आणि झाउडरझे म्युझियमखेरीज तिथे बघण्यासारखं काय आहे, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: म्युझियम राहिलं तरी चालेल, गाव चुकवू नका.

आम्सटरडॅम सेंट्रलहून थेट गाडी तासाभरात पोचवते. मात्र काही गाड्या होर्नच्या पुढे जात नाहीत, म्हणून बोर्डावर शेवटचं स्टेशन वाचूनच चढा. बँकेचं कार्ड टॅप करून जाणार असाल तर तिघांना तीन कार्डं लागतील. चढताना वापरलेलं कार्डच उतरल्यावर टॅप करायचं. फोनमधलं आणि हातातलं कार्ड एकाच खात्याचं असलं तरी यंत्र त्यांना वेगळं समजतं, प्रवास अपुरा धरतं आणि जास्त पैसे कापले जातात. लहान स्टेशनांवर बहुधा फाटक नसतं, नुसते खांब असतात, त्यामुळे टॅप करायचं हमखास राहून जातं.

स्टेशन बंदराला लागूनच आहे. पाण्याच्या कडेने दहा मिनिटांत ड्रॉमेडारिस येतो, बंदराच्या तोंडाशी राखणीला १५४० साली बांधलेला बुरूज. शेजारचा पूल उचलला जातो. उंच डोलकाठीची बोट आली तर थांबायचं. तिथून आत शिरून ब्रेडस्ट्राटवरचं १६८८ चं नगरभवन पाहा आणि मग पूर्वेला वीर्डाइकवर जा.

इथे घाई नको. इथलं पेपरहाउस, म्हणजे मिरीघर, १६२५ चं. पुढे ते डच ईस्ट इंडिया कंपनीच्या एंकहाउझन शाखेचं गोदाम झालं. वेंगुर्ल्याची डच वखार याच कंपनीची. गोव्याशी या गावाचा संबंध तर कंपनीच्याही आधीचा आहे. यान हाउखन फान लिन्सखोटेन १५८३ पासून पाच वर्षं गोव्यात आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. परतल्यावर तो एंकहाउझनला राहिला. त्याचं ‘इटिनेरारियो’ हे प्रवासवर्णन १५९६ मध्ये छापून आलं आणि पोर्तुगीजांनी लपवून ठेवलेली पूर्वेची माहिती डचांच्या हाती पडली. १६११ मध्ये तो इथेच वारला.

मग वेस्टरस्ट्राट धरून सरळ पश्चिमेला चाला. वाटेत वेस्टरकेर्क लागेल. तिचं लाकडी घंटाघर चर्चपासून सुटं उभं आहे, ते नजरेतून निसटू देऊ नका. रस्त्याच्या टोकाला १६४९ ची वेस, कूपोर्ट, शब्दशः गाईंचा दरवाजा. बहुतेक लोक इथूनच माघारी वळतात, आणि गावाची खरी गोष्ट त्यांच्या हातून सुटते. मातीच्या तटावर चढून उत्तरेकडे चालत राहा. १६०० च्या आसपास गाव फुगत होतं, तेव्हा हा तट ऐसपैस आखला. नंतर बंदर गाळाने भरत गेलं, व्यापार आम्सटरडॅमने ओढला आणि रिकामी घरं पाडली गेली. म्हणून तटाच्या आत आजही मोकळी जागा आणि शेतघरं दिसतात. त्या भागाचं नावच बूरनहूक, शेतकऱ्यांचा कोपरा.

एवढी फेरी चार-पाच किलोमीटरची. वडीलधाऱ्यांसोबत थांबत थांबत तीन तास धरा. रस्ते विटांचे आणि उंचसखल, तेव्हा जाड तळव्याचे बूट हवेत. लाल पट्टा सायकलींचा, त्यावर उभं राहून फोटो काढू नका. बांधावर मे महिन्यातही बोचरा वारा असतो, आईंना कानटोपी द्या. सोमवार टाळा, सकाळी बरीच दुकानं बंद असतात.

म्युझियमचा उघड्यावरचा भाग साधारण एप्रिल ते ऑक्टोबर सुरू असतो. स्टेशनजवळून बोट जाते, आत किमान तीन तास लागतात. १९३२ मध्ये मोठा बांध घालून झाउडरझे हा समुद्र अडवला, त्याआधीच्या किनाऱ्यावरची घरं तिथे आणून उभी केली आहेत. दोन्ही करायचं असेल तर नऊच्या आत एंकहाउझनला पोचा, गाव आटोपा आणि जेवून बोट धरा. शाकाहारी असाल तर चीज घेताना रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) वासराचं आहे का ते विचारा, पारंपरिक डच चीजमध्ये ते असतं.